वाटणीपत्रातला ‘विभक्त’ आणि घरातलं ‘वेगळं’ : कोणता शब्द लिहावा?

माहेरवाशीण, कोरेगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा भाषेचा आहे आणि अर्धा शेतीचा, त्यामुळे कुठल्या विभागात टाकावा कळेना. इथे दोन्ही प्रकारची जाणकार माणसं आहेत म्हणून इथेच लिहिते.

आमची शेती सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आजोबांच्या पश्चात सात-बारावर वडील, दोन चुलते आणि आत्या अशी चार नावं आहेत, आणि खाली ‘सामाईक क्षेत्र’. चुली कधीच वेगळ्या झाल्यात. शिधापत्रिका विभक्त झाल्या तेव्हा मी शाळेत होते. कुठला तुकडा कोणी कसायचा हे आजोबांनी तोंडी ठरवून दिलं होतं आणि आजवर सगळं त्याप्रमाणेच चाललंय. आता तिघे भाऊ साठीच्या पुढे गेलेत. पुढच्या पिढीला घोळ नको म्हणून रीतसर कागद करायचं ठरलं. घरात भांडण नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुण्यात कुणाला नुसतं ‘आमच्याकडे वाटण्या चालल्यात’ म्हटलं तरी समोरचा आवाज खाली आणून विचारतो, ‘का हो, काय झालं?’

वकिलांनी मसुदा दिला. त्यात हे वाक्य आहे : ‘लिहून देणार व लिहून घेणार हे आज रोजीपासून एकमेकांपासून पूर्णपणे विभक्त झाले असून त्यांचा परस्परांशी कोणत्याही प्रकारचा संबंध राहिलेला नाही.’

धाकटे चुलते, म्हणजे तात्या, तिथेच अडले. म्हणाले, ‘संबंध नाही कसा? उद्या अण्णाला काही झालं तर मला सुतक नाही का? हे मी लिहून देणार नाही.’ क्षेत्राबद्दल, विहिरीबद्दल, कशाबद्दलच त्यांची तक्रार नाही. फक्त या वाक्यावर सही करणार नाहीत. वकील म्हणतात, सगळ्या वाटणीपत्रांत असंच लिहितात. मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणून घरच्यांनी कागद माझ्याकडे दिला : ‘तूच बघ, चांगल्या शब्दांत लिही.’

चांगले शब्द शोधायला बसले आणि लक्षात आलं की आपल्याकडे या एका गोष्टीला किती पायऱ्या आहेत. पोरगं नोकरीला बाहेर गेलं की माणसं ‘पांगली’. सुनेनं दुसरी चूल मांडली की ‘वेगळे निघाले’. पक्षातलं किंवा फौजेतलं माणूस ‘फुटतं’, आणि घरातल्याला तोच शब्द लावला तर शिवी होते. मन उठलं की ‘दुरावले’. नवरा-बायकोसाठी ‘काडीमोड’, ‘फारकत’. यातला एकही शब्द आमच्या घराला बसत नाही. ‘आम्ही वेगळे राहतो’ हे तात्या सहज म्हणतात, पण ‘आम्ही वेगळे झालो’ म्हणताना अडखळतात. आजी तर एकत्र घरालाच ‘आमचं खटलं मोठं’ म्हणायची. आता त्याच शब्दाला एक काना दिला की कोर्टातला खटला होतो.

मला विचारायचंय ते असं. ‘विभक्त’ हा शब्द कायद्यानं घालावाच लागतो का? ‘सामाईक’, ‘एकत्र’ आणि ‘अविभक्त’ यांत दप्तरी फरक काय? आणि संबंध तुटल्याचं न लिहिता पक्कं वाटणीपत्र करता येतं का?

जुना तलाठी

ताई, तुमच्या तात्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तलाठी होतो, नंतर मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुम्ही लिहिलेलं ते वाक्य माझ्यासमोर इतक्यांदा आलंय की पाठ झालंय. ते कायद्यातून आलेलं नाही. एका दस्तलेखकाच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर असं ते चालत आलंय. दुय्यम निबंधक ते वाक्य मागत नाही, तहसीलदार मागत नाही. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की कोणता गट, किती क्षेत्र, कोणाच्या वाट्याला, चतु:सीमा काय आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत का. ‘संबंध’ हा शब्द घालायचाच तर तो मिळकतीला जोडून घाला, माणसाला जोडू नका. असं लिहा : ‘वरील वाटपाप्रमाणे ज्याच्या वाट्यास जी मिळकत आली, तिचा तो स्वतंत्र मालक व कब्जेदार असून त्या मिळकतीवर इतर हिस्सेदारांचा कोणताही हक्क अगर हितसंबंध राहिलेला नाही.’ वकिलांना दाखवा, त्यांची हरकत असणार नाही.

आता दप्तरी शब्दांचं. जुन्या सात-बारावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसतं ना, ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. म्हणजे नाव एकाचं, पण तो सगळ्यांच्या वतीनं. ही अक्षरं मागच्या एखाद्या फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, गळाली आणि थोरला भाऊ एकटाच मालक दिसू लागला, अशानं उभ्या राहिलेल्या तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या. ‘अविभक्त’ म्हणजे वाटप झालेलंच नाही, कोणाचा हिस्सा कुठे हे सांगता येत नाही. ‘सामाईक’ म्हणजे नावं सगळ्यांची आली, पण गट एकच, आत रेष नाही. कायद्याच्या नजरेनं प्रत्येक ढेकळात प्रत्येकाचा हिस्सा. ‘विभक्त’ म्हणजे रेष ओढली गेली. एवढंच.

आणि इथे मला जरा जोर देऊन बोलायचंय. ‘सामाईक’ हा शब्द कानाला गोड लागतो. सगळ्यांचं आहे, एकोपा आहे, असं वाटतं. पण माझ्या सगळ्या नोकरीत बांधावर जी डोकी फुटताना पाहिली ती बहुतेक सामाईक गटांत. कारण उघड आहे. रेषच नाही, तर बांध कोणी कोरला हे ठरवणार कसं? दर नांगरटीला वीतभर सरकतं. एकाला ठिबक करायचं असतं, बँक म्हणते बाकीच्यांची संमतीपत्रं आणा. एकाला मुलीच्या लग्नासाठी थोडी जमीन विकायची असते, तर घेणारा विचारतो, यातली तुमची नेमकी कुठली? रस्त्यासाठी भूसंपादन आलं की मोबदला सगळ्यांच्या नावे येतो आणि ज्याचं पीक प्रत्यक्ष गेलं तो वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो. तोंडी वाटप ज्यांनी केलं त्या पिढीला सगळं ठाऊक असतं. त्यांच्या नातवंडांना नसतं. मग ‘आजोबांनी चिंचेपर्यंत दिलं होतं’ आणि ‘नाही, ओढ्यापर्यंत दिलं होतं’.

उलट, वेळेवर वाटप करून घेतलेले भाऊ मी एका पंक्तीला जेवताना पाहिलेत. भांडायला जागाच उरलेली नसते. म्हणून पुण्यात कोणी आवाज खाली करून ‘काय झालं?’ विचारलं तर ठणकावून सांगा, ‘चांगलं झालं.’

तुमच्या कागदात दोन गोष्टी मात्र तपासा. एक, ‘सरस-निरस मानाने’ वाटप झालंय का. नुसतं क्षेत्र सारखं असून भागत नाही. विहिरीजवळचं काळं रान आणि माळाचं मुरमाड हे एकरास एकर मोजलं तर पुढे मनात राहतं. हलकं रान घेणाऱ्याला चार गुंठे जास्त द्यायची जुनी रीत आहे, ती शहाणपणाची आहे. दुसरी, तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान होत नाही ना. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली 2023 च्या अधिसूचनेनं आपल्याकडे जिरायताला 20 गुंठे आणि बागायताला 10 गुंठे ठरवलेत. त्याखाली गेलात तर अडेल.

विहीर वाटू नका. ती सामाईकच ठेवा, पण पाळी लिहून ठेवा : कोणाची कोणत्या वारी, मोटार कोणाच्या नावावर, दुरुस्तीचा खर्च कसा, गाळ कोणी काढायचा. आणि विहिरीकडे जायची वाट कोणाच्या रानातून, किती फूट रुंद, तेही. सामाईक ठेवायच्या वस्तूबद्दल वाटलेल्या वस्तूपेक्षा जास्त लिहावं लागतं, हे लक्षात असू द्या.

देवगड तालुका

तलाठीसाहेबांनी देशावरचं सांगितलं, आमच्या कोकणातलं सांगतो.

आमच्याकडे जुन्या सात-बारांवर हिस्से आणे-पैंत लिहिलेले असतात. सोळा आण्यांत एकाचे दोन आणे आठ पै, दुसऱ्याचे एक आणा चार पै. नावांची यादी पान भरून. अर्धी नावं मुंबईत, काही हयातही नाहीत, वारसनोंद कोणी केलेली नाही. जमीन सामाईक आणि झाडं मात्र वाटलेली : हे चार माड थोरल्या घराचे, ही तीन कलमं धाकट्याची. झाड म्हातारं होऊन पडलं की तिथे दुसरं कोणी लावायचं यावर पाच वर्षं अबोला. शेवटी कोणीच लावत नाही. आमच्या वाडीत असे कितीतरी भाग पड आहेत, रान माजलंय. मुंबईकर भाऊ फोनवर म्हणतात, ‘असू दे रे सामाईक, तेवढंच एकत्र आहोत.’ त्यांच्या मनात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण इथे कोयता घेऊन उभा असतो तो मी, आणि कलमासाठी कर्ज काढायला गेलो की सह्या कोणाच्या आणू?

आणि याच घरांत चतुर्थीला गणपती एक. मूळ घरात. जेवणं वेगळी, घरं वेगळी, बोलणंसुद्धा कधीकधी बंद, तरी गणपती वेगळा कोणी करत नाही. पाळी लावतात. यंदा थोरल्या घराची, पुढच्या वर्षी मधल्या. ज्याची पाळी त्याने मूर्ती, पूजा, नैवेद्य बघायचं आणि बाकीच्यांनी आरतीला, भजनाला यायचं. माझी आजी म्हणायची, ‘जमीन वाटूक येता, गणपती वाटूक येणा नाय.’ तात्यांना सांगा, तुमच्याकडेही कुलदैवत, बेंदूर, गावची जत्रा असं काहीतरी असेलच. ते एकत्र करायचं असेल तर कागदात एक ओळ घाला. आमच्या एका भावकीनं वाटणीपत्रातच देवघराची आणि मूळ घराच्या पडवीची पाळी लिहिली आहे.

भाचीबाई

मला वेगळंच विचारायचंय. चार नावं म्हणालात, त्यात आत्या आहेत. मसुद्यात त्यांच्या वाट्याला काय आलंय?

हे विचारते कारण आमच्या घरात ‘एकत्र’ आणि ‘वेगळं’ हे शब्द भावांसाठी एका अर्थानं वापरले गेले आणि बहिणींसाठी दुसऱ्या. भावांनी हिस्सा घेतला तर ती ‘वाटणी’. माझ्या आईनं आणि मावशीनं नुसता विषय काढला तर ‘माहेर तोडायला निघाल्या’. हिस्सा भावाला एकत्र ठेवतो आणि बहिणीला परकी करतो, हा न्याय मला आजही समजत नाही. मामाकडे जेवायला बोलावलं, साडी-चोळी झाली आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे केलं. आईनं सही केली. ती म्हणते, ‘दिवाळीला जायला दार उघडं राहिलं ना.’ ते दार कागदाशिवायही उघडं राहायला हवं होतं.

जुन्या सात-बारांवर बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेली असायची, कर्जाच्या बोजाशेजारी. महाराष्ट्रानं 1994 साली कायदा बदलला, पण तो त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरता. 2005 मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायदा दुरुस्त केला आणि मुलगी जन्मानंच मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, झाली, लग्न झालेलं असो वा नसो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही. आत्यांना सोडायचंच असेल तर त्यांच्या मनानं सोडू दे, पण आधी त्यांना त्यांचा वाटा किती हे मोजून सांगा. मग त्या काय म्हणतात ते ऐका.

माहेरवाशीण, कोरेगाव

भाचीबाई, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. मसुद्यात आत्यासमोर ‘हक्क सोडण्यास तयार’ एवढंच आहे. तिला कोणी विचारलं होतं की गृहीत धरलं होतं, हे मी काल वडिलांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच आत्याला फोन लावला आणि सगळ्या गटांची यादी वाचून दाखवली. तिचं उत्तर असं आलं : तिला ओढ्याकडचा तुकडा हवाय, विकायला नाही. ती वहिवाट तात्यांकडेच ठेवणार आहे, पण नाव तिचं हवंय. तात्या म्हणाले, ‘मग आधीच का नाही बोललीस?’ ती म्हणाली, ‘कोणी विचारलं?’

तलाठीकाका, तुम्ही दिलेलं वाक्य घरी वाचलं. तात्यांना ‘स्वतंत्र मालक व कब्जेदार’ चाललं. ‘विभक्त’ तरीही टोचतोय. सुतकाचा त्यांचा प्रश्न मनापासूनचा आहे, त्याचं कोणी नीट उत्तर दिलं तर मी त्यांना वाचून दाखवीन.

शास्त्री, वाई

ते उत्तर मी देतो. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक आहे, वकील नाही.

तात्यांना नि:शंक सांगा, वाटणीनं सुतक जात नाही. सुतक सापिंड्यामुळे येतं, म्हणजे एका पूर्वजाच्या रक्तामुळे, आणि ते बापाकडून सात पिढ्यांपर्यंत चालतं. विभक्त भाऊही सपिंडच. त्यांना पूर्ण दहा दिवस. शेताच्या बांधाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

‘विभक्त’ शब्दाबद्दल माझं मत असं, की तो बिचारा निर्दोष आहे. आपल्या भागात वारसाचा कायदा याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या ज्या मिताक्षरा टीकेवर उभा राहिला, ती विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात लिहिली. तीत विभागाची व्याख्या आहे. अनेकांचं स्वामित्व जे संपूर्ण द्रव्यावर पसरलेलं असतं, ते त्या द्रव्याच्या एकेका भागावर नेमून देणं म्हणजे विभाग. व्याख्येत द्रव्य आहे, स्वामित्व आहे. भावाभावांत दुरावा आल्याचं एक अक्षर नाही. तलाठीसाहेब म्हणाले ती रेष ती हीच.

याज्ञवल्क्य म्हणतो की अविभक्त असेपर्यंत भावाला भावाचा जामीन होता येत नाही, साक्ष देता येत नाही, कर्जाचा व्यवहार करता येत नाही. का? तर दोघांची थैली एकच. एका थैलीतून त्याच थैलीला आधार कसा देणार? विभक्त झाल्यावर मात्र भाऊ भावाला जामीन राहू शकतो. संकटात पाठीशी उभं राहण्याचं हे एक रूप वाटणीनंतरच शक्य होतं. मला हे फार मोलाचं वाटतं आणि तात्यांना जरूर सांगावंसं वाटतं. मनूनंही एकत्र राहा किंवा धर्माच्या इच्छेनं वेगळे राहा, असे दोन्ही मार्ग दिले आहेत आणि वेगळं राहिल्यानं धर्म वाढतो असं म्हटलंय, कारण प्रत्येक घरात स्वतंत्र पूजा होते, स्वतंत्र अतिथी जेवतो.

परतीची वाटही शास्त्रानं ठेवलेली आहे. वाटणी झालेले पुन्हा एकत्र आले तर त्यांना ‘संसृष्ट’ म्हणतात. मिताक्षरेप्रमाणे ही संसृष्टी बाप, भाऊ आणि चुलता यांच्याशीच होते. जो मुळात वेगळा झाला त्यालाच पुन्हा मिळता येतं, आणि त्यासाठीही उघड संमती लागते, नुसतं एका घरात राहणं पुरत नाही.

तुम्ही सातारकर, म्हणून एक उदाहरण घरचं. 1731 मध्ये शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतभावांत वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, अशी सरळ राज्याची वाटणी. त्याआधी वीस-बावीस वर्षं दोन गाद्यांत लढाया झाल्या होत्या. त्याच तहात एक कलम असं, की एकाचं वैर जो करील त्याचं पारिपत्य दुसऱ्यानं करावं आणि दोघांनी एकविचारानं राज्य वाढवावं. वाटणीच्या कागदात एकविचाराचं कलम घालायला त्यांना काही अडचण वाटली नाही, तर तुम्हालाही वाटू नये.

जुना तलाठी

शास्त्रीबुवा, हे जामिनाचं मला ठाऊक नव्हतं. सोसायटीच्या कर्जाला भाऊ भावाला जामीन राहताना आम्ही रोज पाहतो.

ताई, आत्याचं नाव आलं हे उत्तम. वहिवाट तात्यांकडे ठेवायची असेल तर तिचा वेगळा कागद करा. खंडानं (ठरलेल्या रकमेनं) की बटईनं (पिकाच्या वाट्यानं), किती वर्षांसाठी, ते लिहा. वाटणीपत्रात ते मिसळू नका. आज प्रेमानं दिलेली वहिवाट पुढे कूळ म्हणून दावा सांगायला वापरली गेल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत, आणि त्यात पहिल्या पिढीचा काही दोष नसतो.

‘विभक्त’ ऐवजी ‘वाटप करून घेतले’ लिहा, चालतं. ‘आम्ही सर्व हिस्सेदारांनी राजीखुशीने व आपापसांतील प्रेम कायम ठेवून खालीलप्रमाणे सरस-निरस वाटप करून घेतले आहे’ असं मी काही जुन्या कागदांत वाचलंय. कोणी हरकत घेतलेली नाही.

पुढचं काम असं : शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो, पण गावठाणातलं घर त्यातच घालाल तर त्याचा हिशोब वेगळा होईल, म्हणून घराचं स्वतंत्र करा. दस्त नोंदवून घ्या, तोंडी किंवा साध्या कागदावर ठेवू नका. किंवा चौघं मिळून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. मग फेरफार धरला जाईल, नोटिशीचे 15 दिवस जातील, हरकत नसली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील. त्यानंतर भूमी अभिलेखकडे पोटहिस्सा मोजणीला अर्ज द्या आणि दगड रोवताना चौघंही जातीनं रानात हजर राहा. मोजणीची नोटीस आत्याच्या सासरच्या पत्त्यावर जाईल. ती वेळेत पोहोचते का, तेवढं बघा.